बढती नाकारून नाटक करावं का? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३६. डोंबिवलीत राहतो. एका सरकारी बँकेत २०११ ला क्लार्क म्हणून लागलो, अजून क्लार्कच. बहुतेक वेळा कॅशवर असतो. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत, वडील आमच्याकडेच, त्यांचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं डॉक्टर सुचवताहेत. फ्लॅटचा हप्ता २१ हजार. हातात येतात साधारण ५५.

कॉलेजपासून नाटक करतो. एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धा, दोन-तीन प्रायोगिक नाटकं. बक्षिसं आहेत, ती कपाटावर आहेत आणि त्यांची धूळ पुसायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. ऑफिसर प्रमोशनची परीक्षा पास झालो, पोस्टिंग बहुधा राज्याबाहेर. आणि एका चालू व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंटसाठी विचारणा झाली. भूमिका लहान नाही, दुसऱ्या अंकात जवळजवळ सगळा वेळ स्टेजवर. नाइट (एका प्रयोगाचं मानधन) अडीच हजार, महिन्याला १०-१२ प्रयोग, मधूनमधून दौरा.

प्रमोशन घेतलं तर नाटक संपलं. नाकारलं तर काही वर्षं पुन्हा संधी नाही. बायको म्हणते, तुला हवं ते कर. काय करावं? अनुभवी लोकांनी सांगा.

चहाबाज
पहिला! चहा ठेवलाय. वाचतोय.

ठाणेकर_ठणठणपाळ
नाटक कर रे. प्रशांत दामलेही आधी बेस्टमध्ये नोकरीला होते. ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदमध्ये त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. तिथेच बसून राहिले असते तर?

खडूस_खानोलकर
बेस्टमध्ये नोकरी करून नाटकाचं वेड असलेले बाकीचे किती जण होते, ते पण सांगा. त्यांचे १२,५०० प्रयोग कुठे झाले?

गोदाकाठ
डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले, तेव्हा चाळिशी ओलांडली होती. डॉ. घाणेकर दातांचे डॉक्टर. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर. मराठी नाटकाचा निम्मा इतिहास स्टेथोस्कोप घालून लिहिलाय. धाडस करणारेच पुढे जातात.

खडूस_खानोलकर
यातल्या कुणाचंही नाटक पडलं असतं तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडता आला असता. कॅशियरने कुठला दवाखाना उघडायचा?

चहाबाज
नोटा मोजायचा.

गोदाकाठ
@खडूस, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण यादीतल्या बऱ्याच जणांनी दवाखाना बंद केलाच नाही, हे मला तुमचं वाचून लक्षात आलं. सतीश आळेकरसुद्धा कितीतरी वर्षं पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत होते, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेले ते १९९६ मध्ये. म्हणजे बहुतेक मोठं लिखाण तिथल्या नोकरीत असताना. धाडसाबद्दलचं वाक्य मागे घेतो.

शाखेची_राणी
मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून लिहिते. क्लार्कची ऑफिसर झाले. पहिलं पोस्टिंग छत्तीसगडमध्ये, जिल्ह्याच्या गावापासून ७० किलोमीटर आत. मुलगा चार वर्षांचा, सासूबाईंकडे अमरावतीला. तीन वर्षांनी घराजवळ आले.

आता खरं सांगायचं तर पगारातला फरक सुरुवातीला वाटतो तेवढा नाही. दोन चुली मांडल्या, येण्याजाण्याचं भाडं, घरी आईबाबांसाठी बाई ठेवली की पहिली दोन-तीन वर्षं हातात उलट कमीच राहतात. फायदा नंतर दिसतो, स्केल दोन-तीनला (ऑफिसरच्या वरच्या श्रेणीत) गेल्यावर. पण ऑफिसरला संध्याकाळ नसते हे लिहून ठेवा. क्लार्कची कॅश टॅली झाली की तो बॅग उचलतो. आम्ही आठपर्यंत असतो, ऑडिट लागलं की दहा. दुसरा-चौथा शनिवार २०१५ पासून सुटीचा झाला, त्यातले निम्मे लोन मेळाव्यात आणि वसुलीत जातात.

आणखी एक. नाइट घेणार असाल तर आधी बँकेची लेखी परवानगी काढा. बाहेरून पैसे घेणं हे कुणीतरी तक्रार केली की अंगाशी येतं. आमच्याकडे एकाला निवेदनाच्या मानधनावरून मेमो आला होता. तो बिचारा गणपतीतल्या कार्यक्रमाला ५०० रुपये घेत होता.

तिसरी_घंटा
@शाखेची_राणी, मनापासून आभार. परवानगीचं डोक्यातच नव्हतं. आतापर्यंत जे केलं त्यात पैसे मिळायचे नाहीत, उलट वर्गणी भरायची, त्यामुळे प्रश्नच आला नाही. :)

टॅलीचं म्हणाल तर गेल्या वर्षी तालमीच्या दिवशी ५०० कमी लागले. शोधत बसलो असतो तर साडेआठ झाले असते. खिशातून भरले आणि लोकल पकडली. दुसऱ्या दिवशी ते ५०० ड्रॉवरच्या मागे सापडले.

पाटलीणबाई_सातारा
म्हणजे नाटकाने ५०० परत केले की.

वामनकाका_गिरगाव
बाळ, मी तुझा पूर्वज. मी पण बँकेतला, मी पण कॅशवरचा, मी पण नाटकवाला. आमच्या काळी बँकेत नाटकवाल्यांची चैन होती. बँकांच्या नाट्यस्पर्धा व्हायच्या, मॅनेजर स्वतः प्रेमिकाची भूमिका मागून घ्यायचे, तालमीला चार वाजता सोडायचे. मी दोनदा प्रमोशन नाकारलं. मला कुणी विचारलंही नाही का म्हणून, कारण आमच्या शाखेत नाकारणारे पाच जण होते. एक नाटकवाला, एक भजनवाला, दोन क्रिकेटवाले आणि एकाची आई आजारी.

२०००-०१ ला सरकारी बँकांत व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली. देशभरातून लाखभर माणसं बाहेर पडली, त्यात मी. वय ४७. वाटलं, आता काय, पूर्णवेळ नाटक! मिळालेल्या पैशातले दोन लाख एका नाटकात घातले. अकरा प्रयोग झाले. अकराव्याला शिवाजी मंदिरात नेपथ्य जास्त आणि माणसं कमी होती. मग मालिकांत कामं केली. तिसऱ्या आरोपीचा बाप, मंडईतला ग्राहक दोन, वारलेले आजोबा (हे फोटोत). वारलेल्या आजोबांचे पैसे सगळ्यात जास्त मिळाले, कारण फोटो वर्षभर भिंतीवर होता.

पश्चात्ताप नाही. पण हे सगळं मी पेन्शनच्या जिवावर केलं. तू २०११ चा आहेस. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस (नवी पेन्शन योजना) आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचं ऐकू नकोस, आम्ही वेगळ्या पुलावरून आलो आणि तो पूल आता नाही.

आणि मुलीच्या बारावीचा निकाल मला सांगलीच्या दौऱ्यात एसटीडी बूथवर कळला. ती अजून सांगते. हसत सांगते, पण सांगते.

चहाबाज
काका, वारलेल्या आजोबांना हार रोज नवा असायचा का?

वामनकाका_गिरगाव
प्लॅस्टिकचा. त्याची पण मानधनाची मागणी होती असं ऐकलं.

कडवट_कॉफी
माझं थोडं टोचेल. तुम्हाला नाटक करायचंय की प्रमोशन नकोय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या १४ वर्षांत कधी व्यावसायिकवाल्यांकडे स्वतःहून गेलात का? ऑडिशन दिली? रजा टाकून कुणाला भेटलात? पोस्टिंगची भीती आल्यावर स्वप्न एकदम मोठं दिसायला लागलं, असं तर नाही ना?

पाटलीणबाई_सातारा
कॉफी खरंच कडवट आहे.

तिसरी_घंटा
@कडवट_कॉफी, हे वाचून दोन तास काही लिहिता आलं नाही. स्वतःहून फक्त एकदा गेलो होतो, २०१६ ला. बाहेर चाळीस मुलं बसली होती, सगळी बावीस-तेविशीची, मी बँकेचं आयकार्ड गळ्यात तसंच ठेवून गेलेलो. नंबर यायच्या आत निघून आलो. घरी सांगितलं, झाली नाही निवड.

हे बायकोलाही माहीत नाही. तिला हा धागा दाखवला नाही तर बरं.

रंगपट
मी लाइट्सवर आहे, अठरा वर्षं झाली, त्यामुळे तुमचा हिशेब जरा पलीकडच्या बाजूने मांडतो. नाइट अडीच हजार गुणिले बारा म्हणजे तीस हजार, असं तुम्ही मनात धरलं असेल. तसं नसतं.

नवीन नाटकाला सुरुवातीला प्रयोग लागतात, नंतर ते शनिवार-रविवारवर येतं. तुम्ही चालू नाटकात रिप्लेसमेंटला जाताय, म्हणजे पहिला भर ओसरला असणार. मुलांच्या परीक्षा लागल्या की बुकिंग पडतं. धो धो पावसात पडतं. क्रिकेटच्या फायनलला तर निर्माता स्वतःच घरी बसतो. प्रमुख नटाने सिनेमा घेतला की तुमचे प्रयोग त्याच्या तारखांवर. बाराचे सहा होतात आणि त्या सहासाठीसुद्धा तारखा बाराच्या अडवून ठेवाव्या लागतात.

आणि करोना विसरू नका. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, २०२१ ला परत बंद, ती पुन्हा उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला. मधल्या काळात मी भाजी विकली. लाजायचं काही नाही, पण तेव्हा आमच्यातल्या ज्यांच्या घरी एक पगार येत होता त्यांना आम्ही देवमाणूस समजत होतो. तुम्ही ज्या कॅश काउंटरला कंटाळलात ना, त्यापुढे मी तेव्हा पीएफ काढायला उभा राहायला तयार होतो. फक्त मला पीएफ नव्हता.

करू नका असं नाही म्हणत. नोकरी ठेवून करा. चांगला नट मिळाला तर आम्हालाही प्रकाश टाकायला बरं वाटतं.

ठाणेकर_ठणठणपाळ
रंगपट, कडक. नाट्यगृहांच्या स्वच्छतागृहांवर पण एक प्रतिसाद येऊ द्या.

रंगपट
त्याला वेगळा धागा लागेल आणि नाकाला रुमाल.

मुक्ताई_८१
त्यावरून आठवलं, आमच्या गावच्या नाट्यगृहात मध्यंतरात वडा संपला म्हणून दुसरा अंक दहा मिनिटं उशिरा सुरू केलेला. प्रेक्षकांनीच मागणी केली होती.

चहाबाज
कुठलं गाव? वडा कसा होता?

*(इथे वड्यावर चौदा प्रतिसाद झाले. ते संपादकांनी पाककृती विभागात हलवले आहेत.)*

विंगेबाहेरची
वडे संपले असतील तर मी बोलते.

मी एका नाटकवाल्याची बायको. सतरा वर्षं. नवरा नोकरीही करतो आणि नाटकही, म्हणजे सगळे इथे ज्याला सुवर्णमध्य म्हणताहेत तो आमच्या घरी राहतो. नोकरी सोमवार ते शुक्रवार, तालीम संध्याकाळी आठ ते अकरा, प्रयोग शनिवार-रविवार. यात कुठला वार उरला ते मोजा.

नाटक वाईट नाही, नवरा वाईट नाही. मी त्याचं काम बघून रडलेली आहे. पण घरातला गॅस संपला, सासऱ्यांना रात्री बाराला दवाखान्यात न्यायचं, मुलाच्या शाळेत बाईंनी बोलावलंय, सोसायटीची मीटिंग, लग्नं, बारशी, मयती, हे सगळं एकटीने. प्रत्येक लग्नात "ते नाही आले?" याचं उत्तर मी देते. मला कथक येत होतं. विशारद आहे. बंद कधी झालं ते आठवतही नाही, कारण ते बंद करावं की नाही यावर कुणी धागा काढला नाही. ते आपोआप झालं.

तिसरी_घंटा, तुमच्या धाग्यात हप्ता किती ते आहे, नाइट किती ते आहे, वडिलांचा कुठला गुडघा तेसुद्धा आहे. बायकोला एक वाक्य आलंय, "तुला हवं ते कर." हे वाक्य मीपण म्हणायचे. ते होकाराचं नसतं हो. ते दमलेल्या माणसाचं असतं.

शाखेची_राणी
+१. काही बोलायलाच नको.

पाटलीणबाई_सातारा
+१००. विशारदबाई, घुंगरू कुठे आहेत तुमचे?

विंगेबाहेरची
माळ्यावर. त्याच्या ढालींच्या खोक्यात.

खडूस_खानोलकर
मी सहसा कुणाशी सहमत होत नाही. इथे आहे.

गोदाकाठ
मला वरची डॉक्टरांची यादी आता नव्याने वाचावीशी वाटतेय. त्यांच्या घरी गॅस संपल्यावर कोण बघत होतं?

फ्रँकफुर्टची_आत्या
थोडं वेगळं. मी गाणं शिकत होते, पुण्यात, अगदी झोकून देऊन. मग लग्न, जर्मनी, आयटी, दोन मुलं. पंधरा वर्षं तंबोऱ्याला हात नाही. ४१ व्या वर्षी पुन्हा सुरू केलं, ऑनलाइन. पुण्यात माझ्या गुरूंचे सकाळी साडेनऊ, तेव्हा इथे उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात पाच. बाहेर अंधार, उणे तापमान, घरात सगळे झोपलेले आणि मी तळघरात, धुलाईच्या मशीनशेजारी, भैरव घोळवतेय.

मी गायिका होणार नाही आता. हे मान्य करायला जो काही काळ गेला तो अवघड होता, मान्य केल्यावर नाही. मैफलीत बसून गावं असं गाणं माझ्याकडे येणार नाही. पण मंद्रातला धैवत गेल्या महिन्यात जिथे लागायला हवा तिथे लागला, आणि मी दिवसभर ऑफिसात कुणाला तरी सांगावं म्हणून माणूस शोधत होते. जर्मनांना काय सांगणार?

चहाबाज
आत्या, आम्हाला सांगितलंत ना. आज भैरवाच्या नावाने एक कप जास्त.

कडवट_कॉफी
@तिसरी_घंटा, माझ्या प्रतिसादाने दुखावलं असेल तर क्षमस्व. मीही एकदा तसाच रांगेतून निघून आलेलो आहे, नाटकाच्या नाही, दुसऱ्या. म्हणून ओळखता आलं.

वामनकाका_गिरगाव
पोरा कुठे आहेस? दहा दिवस झाले.

ठाणेकर_ठणठणपाळ
छत्तीसगडला पोचला बहुतेक.

तिसरी_घंटा
आलो. उशिराबद्दल माफी.

विंगेबाहेरची यांचा प्रतिसाद वाचल्यावर बायकोला धागा दाखवला. सगळा. २०१६ सकट. तिने कांदे चिरता चिरता वाचला, त्यामुळे नक्की कशाने रडली ते सांगता येत नाही. मग म्हणाली, "चाळीस मुलं होती म्हणून पळून आलास? मला वाटलं, तुला खरंच नाही घेतलं. मी त्या दिग्दर्शकाला नऊ वर्षं शिव्या देतेय."

मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. निर्मात्याकडून पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा आल्या होत्या, त्या लिहायला सांगितल्या. तिच्या स्वतःच्या तारखा तिने लिहिल्या: पेपर तपासणी, निवडणुकीच्या याद्यांचं काम, बाबांची फिजिओथेरपी, मुलीचा पोहण्याचा क्लास. अकरा ठिकाणी दोघांच्या तारखा एकमेकांवर. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती. तिला एम.एड. करायचंय. दोन वर्षं फॉर्म आणून ठेवलाय, भरला नाही.

निर्मात्यांना फोन केला, म्हटलं फक्त शनिवार-रविवार आणि मुंबई-ठाण्यातले प्रयोग जमतील, दौरा नाही. ते चांगले बोलले. म्हणाले, असा अर्धा माणूस मला चालणार नाही. दुसरा मुलगा घेतला, पंचविशीचा आहे. परवा ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात जाऊन प्रयोग बघितला. चांगलं करतो. दुसऱ्या अंकात एक जागा आहे तिथे तो फार घाई करतो.

रंगपट
ती जागा कुठली ते मला माहीत आहे. तिथे माझा फेड (प्रकाश हळूहळू मंद करणं) आहे, तो पळतो म्हणून मलाही पळावं लागतं.

शाखेची_राणी
आणि प्रमोशन?

तिसरी_घंटा
या वर्षी नाकारलं. नाटकासाठी नाही म्हणजे. तिचं एम.एड. दोन वर्षांचं आहे आणि बाबांचा दुसरा गुडघा राहिलाय. मी राज्याबाहेर गेलो तर ते दोन्ही होणार नाही. साहेबांनी कारण विचारलं. 'कौटुंबिक' लिहिलं. पहिल्यांदाच खरं लिहिलं, याआधी तालमीसाठी कौटुंबिक लिहायचो.

पगारवाढ हुकली त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. भूमिका गेली त्याचं? रोज लोकलमध्ये दुसऱ्या अंकाचं पाठांतर आपोआप सुरू होतं, दिवा स्टेशनच्या पुढे गेलं की. अजून थांबवता आलेलं नाही.

राज्य नाट्यला मात्र उतरतोय, कल्याण केंद्रावर. तालमी रात्रीऐवजी सकाळी पावणेसहा ते साडेसात. ग्रुपमधल्या पोरांनी आधी बोंब मारली, पण त्यातल्या दोघी म्हणाल्या की रात्रीच्या तालमीमुळे आम्ही सोडणारच होतो. आता उलट दोन नट्या वाढल्यात आणि दोन नट झोपलेत.

विंगेबाहेरची
बायकोला सांगा, फॉर्म भरला की इथे येऊन कळव म्हणावं.

(घुंगरू उतरवले माळ्यावरून. पायात बसत नाहीत, पट्टा बदलायला टाकलाय.)

पाटलीणबाई_सातारा
ही बातमी वर घ्या कुणीतरी, खाली का लपवलीय!

वामनकाका_गिरगाव
पावणेसहाला तालीम? आमच्या वेळी त्या वेळेला आम्ही तालमीहून घरी यायचो. मी येऊन बसू का एकदा? म्हातारा, वारलेला, फोटोतला, कुठलीही भूमिका चालेल.

तिसरी_घंटा
काका, नक्की या. प्रॉम्प्टिंगला माणूस हवाच आहे. चहा आणावा लागेल.

चहाबाज
चहाचं मी बघतो. प्रयोगाचे पास किती मिळतील?

तिसरी_घंटा
पास नाहीत. तिकीट काढायचं.

खडूस_खानोलकर
माझी दोन.